भागूचा टाक

अवसरी खुर्दच्या बाजूला त्या वर्षी फिरायला जायचं भलतंच खूळ निघालं होतं. कॉलेजातले सर लोक बायकापोरांना घेऊन गोव्याला जात. एक जण तर विमानानं थेट अंदमानला जाऊन आला आणि आल्यावर महिनाभर त्याला दुसरा विषयच उरला नाही. भिमाजीच्या घराला मात्र त्याचं अप्रूप नव्हतं. दिवाळी सरली की हे घर दरसाल बेटावरच जायचं.

"त्या मास्तरानं तिकीट काढलं," भिमाजी पारावर सांगायचा. "आमाला सरकारनं बेट फुकट दिलं राव. फकस्त बदल्यात गाव घेतलं, तेवढंच." एवढं बोलून तो स्वतःच हसायचा, आणि त्याची बायको सरूबाई घरात असेल तर भांडी आपटायला लागायची.

बेट म्हणजे सावरवाडीची टेकडी. धरणाचं पाणी चढलं तेव्हा खालचं गाव सगळं बुडालं आणि वरची टेकडी तेवढी पाण्याबाहेर राहिली. टेकडीवर भिमाजीचा जुना गोठा होता, आंब्याची चार झाडं होती, आणि माथ्यावर शेंदूर फासलेला म्हसोबा. गावाला जमीन मिळाली ती इकडं दूर, अवसरीच्या शिवारात. माणसं तिकडं आली, गुरं आली, देव्हारा आला. म्हसोबा काही यायला तयार झाला नाही, म्हणून त्याच्या निमित्तानं वर्षातून एकदा पाच-सहा दिवस सगळ्यांनी तिथं राहायचं असं ठरून गेलं. पावसाळ्यानंतर पाणी काठोकाठ असतं, त्यामुळे ते बेट अगदी खरंखुरं बेट असतं.

भिमाजीची सून आरती या घरात येऊन सहा वर्षं झाली होती, पण बेटावर ती कधी गेली नव्हती. भाऊबीजेला ती माहेरी, महाळुंगे पडवळला जायची, आणि घर तिकडं जायचं. दोन हजार चारच्या दिवाळीत तिचा भाऊ कंपनीच्या कामानं बायकोपोरांसह सुरतेला गेला, माहेरच्या दाराला कुलूप लागलं, आणि सरूबाई म्हणाली, "मग चल आमच्यासंगं. एकदा बघायला पायजेच तुला."

भिमाजीला मुलगा एकच, हौशीराम. आरती त्याची दुसरी बायको. पहिली भागू. ती सावरवाडीत असतानाच काविळीनं गेली, मागं वर्षाचा शौर्य ठेवून. आरती लग्न होऊन आली त्याच दिवशी, अजून हळदही उतरली नव्हती, तेव्हा सरूबाईनं तिच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात एक टाक बांधला. अंगठ्याच्या नखाएवढा चांदीचा पत्रा, त्यावर ठोकून उठवलेली बाईची आकृती. सवतीचा टाक. नवी साडी आली की आधी टाकाला लावायची, मग अंगाला. बांगड्या भरल्या की आधी टाकाला दाखवायच्या. ताटातला पहिला घास टाकाला टेकवायचा. "भागूताई, घ्या," म्हणायचं आणि मग जेवायचं. आरतीनं हे सगळं कसूर न करता केलं. जुन्या घरात पडलं की असल्या गोष्टी कराव्याच लागतात, त्यात तिला फार जड गेलं असं नाही.

जड जायचं ते सकाळी. शाळेला निघताना शौर्य तिच्यासमोर उभा राहायचा, टाकाला बोटं लावून कपाळाला लावायचा आणि म्हणायचा, "आई, जातो." मग मान वर करून आरतीकडं बघायचा आणि म्हणायचा, "मावशी, डबा."

आई छातीवर, आणि मावशी तिच्या वर वीतभर. त्या पोराला गोवर आला तेव्हा आरती त्याच्या उशाशी रात्ररात्र बसली होती. त्याचे शेंबूड-शी-शू काढले होते, त्याच्या पाढ्यांवर घसा कोरडा केला होता. त्यानं 'आई' म्हटलं की तिच्या तोंडात 'ओ' यायचा आणि ती तो गिळायची. हाक तिला नव्हती. सहा वर्षं ती रोज सकाळी एक 'ओ' गिळत आली होती. जगात तिला दुसरं काही नको होतं. त्या पोरानं एकदा, एकदाच, मान वर करून तिच्या तोंडाकडं बघत तो शब्द म्हणावा, एवढंच हवं होतं.

जीप धरणाच्या काठाला पोचली. तिथं चिमाजी होडी घेऊन उभा होता. हा सावरवाडीचाच माणूस; पुनर्वसनाला गेलाच नाही, काठावर झोपडी घालून मासे धरत राहिला. भिमाजी, सरूबाई, भिमाजीची विधवा बहीण झुंबरबाई, हौशीराम, आरती, शौर्य, तांदळाचं पोतं आणि पातेली, असं सगळं त्या होडीत बसलं. समोर टेकडी सरळ दिसत होती. नाकासमोर वल्हवलं असतं तर पटकन पोचले असते.

पण चिमाजीनं होडी सरळ घेतलीच नाही. थोडं पुढं जाऊन उजवीकडं वळवली, मग काही अंतर सरळ, मग एकदम डावीकडं. मोकळ्या पाण्यात हा माणूस कोपरे घेत चालला होता. आरतीला वाटलं, पिऊन आलाय की काय.

"असं का फिरून नेताय?" तिनं विचारलं.

"मग काय लोकांच्या घरांवरनं नेऊ?" चिमाजी म्हणाला. "खाली आळी हाय ना वैनी. आळीनंच जायाचं."

आरतीला फसकन हसू आलं. झुंबरबाईनं तिच्याकडं असं पाहिलं की ते अर्ध्यात विरलं. मग एका जागी भिमाजीनं पायातल्या वहाणा काढून मांडीवर घेतल्या. त्याचं बघून सगळ्यांनी घेतल्या. "मारुतीचं देऊळ," हौशीराम तिच्या कानाशी म्हणाला. आरतीनंही चपला काढल्या आणि हिरव्या-काळ्या पाण्याकडं पाहिलं. खाली काहीही दिसत नव्हतं. मग तिला हसू आलं नाही.

आणखी एका वळणावर होडी थांबली. चिमाजीनं वल्हं आडवं धरलं. सरूबाईनं पदराच्या गाठीतून हळदकुंकू काढलं, चिमूटचिमूट पाण्यावर सोडलं आणि हात जोडले.

"आपलं दार," भिमाजी आरतीला म्हणाला. "हितनं आत गेलं की वसरी. वसरीच्या डाव्या अंगाला चूल."

शौर्यनं वाकून पाण्याला हात लावला. आरतीच्या गळ्यातला टाक ब्लाऊजच्या आत तिला एकाएकी गार लागला. हे हिचं घर, तिच्या मनात आलं. ही इथली.

बेट खरोखर छान होतं, खोटं कशाला बोला. हवा स्वच्छ, ऊन कोवळं, उतारावर सोनकीची फुलं अजून टिकलेली. चिमाजी मासे आणून द्यायचा, हौशीराम आणि शौर्य काठाला डुंबत बसायचे, भिमाजी आंब्याखाली बाज टाकून घोरायचा. अंदमानात याहून वेगळं काय असणार? पण या घरातल्या माणसांना सुट्टी घालवायची रीत ठाऊक नव्हती. ती तिथं राहायला आल्यासारखी वागत नव्हती, घरी परत आल्यासारखी वागत होती.

पहिल्याच दिवशी आरतीनं भांड्यांचं खरकटं पाणी उतारावरून खाली भिरकावलं, तर झुंबरबाई ओरडली, "तिकडं नगं! खाली माणसांची घरं हायेत!" सगळं खरकटं मग टेकडीच्या मागल्या अंगाला न्यायचं. भिमाजी चहा घेऊन उठायचा आणि सवयीनं म्हणायचा, "जरा खाली चक्कर मारून येतो," आणि पाण्याच्या काठाला जाऊन थांबायचा, कारण पुढं जायला जागा नसायची. दिवस कलला की सरूबाई पाण्याकडं तोंड करून जुन्या गाईंना नावं घेऊन हाका मारायची. ते तिचं तिलाही कळत नसावं.

आणि सकाळी धुकं. पाण्यावरून वाफेचे लोट उठायचे, ठिकठिकाणी, वेगवेगळे. झुंबरबाई गोठ्याच्या दारात बसून शौर्यला मांडीवर घ्यायची आणि बोटानं दाखवायची.

"चुली पेटल्या बघ. ती हौसाची. ती कुंभाराची. तिकडं देवळामागं दिसतीया ती सुताराची."

"आणि आपली?" शौर्य विचारायचा.

"आपली न्हाई पेटली आजून. आपल्या घरात कोण हाय पेटवायला?"

आरती हे भाकऱ्या थापता थापता ऐकायची. तिच्या अंगावर काटा यायचा, आणि त्याहून वाईट म्हणजे तिची नजरही आपोआप तिकडं जायची, जिथं होडी थांबली होती तिथं.

अवसरीच्या घरी घासापुरतं सोडलं तर भागूचं नाव कुणी काढत नसे. इथं मात्र झुंबरबाईची जीभ सैल सुटली. तुझी आई या वाटेनं धुणं आणायची. तुझ्या आईच्या हातची मासवडी खावी. तुझी आई तुला या दगडावर बसवून तेल लावायची. शौर्य ते सगळं पिऊन घ्यायचा आणि मग पळत आरतीकडं यायचा. पण आरतीकडं नव्हे, टाकाकडं. टाक हातात धरून म्हणायचा, "आई, तू या दगडावर बसायचीस?" त्याचा चेहरा तिच्या चेहऱ्याच्या इतका जवळ असायचा की त्याचा श्वास तिच्या गालाला लागायचा, आणि तो तिच्याशी बोलत नसायचा.

हे सहन होण्यापलीकडं गेलं. आरती काही दुष्ट बाई नव्हती, पण माणसाच्या सोसण्याला कुठं तरी तळ असतो. तिला वाटायला लागलं की टाक इथं आल्यापासून वजनदार झालाय, दोरा मानेला काचतोय. जी इथली आहे तिला आपण उगाच गळ्यात घालून अवसरीच्या रानात हिंडवत होतो. तिचं घर तिला सापडलं, आता तिनं आपल्याला सोडावं.

चौथ्या दिवशी दुपारी साखर संपली. चिमाजी काठाला निघाला होता. आरती म्हणाली, मीच जाऊन आणते. येताना होडी पुन्हा कोपरे घेत आली आणि त्या वळणावर तिनं त्याला थांबायला सांगितलं.

"घराला हात जोडते."

"जोडा की," म्हणून चिमाजी दुसरीकडं बघत विडी ओढत बसला. बायका देवाधर्माचं करत असल्या की त्याला बघायला संकोच वाटायचा.

आरतीनं पाठ फिरवून गळ्यातला दोरा सोडला, टाक काढून घेतला आणि दोऱ्याला परत गाठ मारून तो गळ्यात टाकला. मान मोकळी दिसली तर लगेच कुणी विचारलं असतं. टाक तळहातावर घेऊन ती वाकली.

"भागूताई," ती पुटपुटली, "हे तुमचं घर. तुमी तुमच्या घरात सुखानं राहा. मला माझ्या घरात राहू द्या. माझा राग धरू नका."

हात पाण्यात घातला आणि उलटा केला. चांदी थोडी चमकली, मग दिसेनाशी झाली. आपण काही वाईट केलं असं तिला वाटलंच नाही. उलट वाट चुकलेल्या माणसाला घरी पोचवून आल्यावर वाटतं तसं हलकं वाटलं. संध्याकाळी जेवताना तिनं पहिला घास थेट तोंडात घातला, आणि तो तिला गोड लागला.

सकाळी तिला जाग आली ती झुंबरबाईच्या आवाजानं.

"अगं बया! सरू, ए सरू, भाईर ये. आपली बी पेटली आज!"

आरती बाहेर आली. पाण्यावर धुकं होतं. आणि त्या वळणाच्या जागी, जिथं काल-परवा पाणी नुसतं सपाट काळं होतं, तिथून वाफेची एक बारीक सरळ रेघ वर येत होती. हवा पडलेली, रेघ हलतही नव्हती. सरूबाई दारात उभी राहून बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता.  धुकं धुकंच असतं, कुठंही उठतं, असं आरतीनं मनाला सांगून पाहिलं, पण मन ऐकेना.

तेवढ्यात शौर्य डोळे चोळत आला. "आई, पोहायला जातो," म्हणत त्यानं तिच्या गळ्याशी हात नेला. बोटं दोऱ्यावरून फिरली, एकदा, परत एकदा. त्यानं दोरा ओढून पुढंमागं केला. मग तिच्या तोंडाकडं पाहिलं.

"मावशी, आई कुठंय?"

"काल होडीत... पाण्यात पडला आसंल," आरती म्हणाली.

तो रडला नाही. रडला असता तर बरं झालं असतं. तो तिच्यापासून दोन पावलं मागं सरकला आणि उतारावरून पाण्याकडं पळत सुटला. हौशीराम त्याच्यामागं धावला. झुंबरबाईनं तोंडावर पदर धरला.

सरूबाईनं आरतीच्या दंडाला धरून तिला गोठ्यामागं नेलं. दोरा हातात घेऊन नीट पाहिला.

"ही गाठ माझी न्हाई," ती म्हणाली. "मी मारलेली गाठ मला वळखू येती. तू सोडलास. कुठं?"

खोटं बोलायचं आरतीला सुचलंच नाही. "दारात. आत्याबाई, तिच्याच दारात सोडला. मला वाटलं, तिचं घर हाय, तिला बरं वाटंल..."

सरूबाई मटकन खाली बसली. जमिनीवरचं गवत उपटायला लागली. मग बोलायला लागली ते आरतीशी नाही, गवताशीच बोलल्यासारखी.

"आणे गावची पोर ती भागू. पठारावरची. तिकडं हंडाभर पाण्यासाठी कोस कोस जातात. एवढं पाणी तिनं बघितलंच नव्हतं कधी. नदीला गेली तरी काठाला बसून तांब्यानं अंगावर घ्यायची, पाय न्हाई घालायची आत. आन् हितं सरकारी माणसं आली, घराघराच्या भिंतीवर लाल रेघा मारून गेली, पाणी कुठवर येणार त्याच्या. आपल्या दारावरची रेघ आढ्याच्या बी वर व्हती. ती रोज बघायची. मग कावीळ झाली. आजारपणात एकच धोसरा घेतला तिनं. 'तुमी समदी जाताल, मला हितं सोडून जाताल. माझी राख बी पाण्याखाली राहील. आत्याबाई, पाण्यात माझा दम कोंडतो.' म्हणायची आन् माझा हात सोडायची न्हाई. मी तिला शबूद दिला. म्हणलं, पोरी, तुला पाण्यात ठेवणार न्हाई. आमी जाऊ तिथं तू येशील. तवा कुठं तिनं डोळं मिटलं."

आरती उभी होती ती भिंतीला टेकली.

"दहाव्याच्या दिवशी मी घोडेगावला जाऊन सोनाराकडनं टाक करून आणला. हौशाच्या दुसऱ्या लग्नाचा तवा पत्ता बी नव्हता. गाव सोडलं त्या दिवशी माझ्या गळ्यात घालून घेऊन गेले तिला. मग तू आलीस. म्हणलं, सुनेच्या गळ्यात राहील, पोराजवळ राहील."

"मला कुणीच सांगितलं न्हाई," आरती म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. "मला वाटलं, मला दाबात ठेवायला घातलाय. सवत म्हणून."

"सांगून काय करायचं व्हतं? तू तिची कीव केली असतीस. मला तिचा मान राखायचा व्हता." सरूबाईनं डोळे पुसले. "सहा वर्षं तू तिला पयला घास दिलास. माझ्यापेक्षा तूच जास्त केलंस तिचं. म्हणून तर..." 

आरतीनं त्या सकाळी जे भोगलं ते तिचं तिलाच ठाऊक. जी मरताना एकच गोष्ट मागून गेली, तीच नेमकी आपण तिच्याकडून काढून घेतली, आणि वर सुखानं राहा म्हणालो. गोठ्याच्या त्या बाजूनं पाणी दिसत होतं. ती धुराची रेघ अजून तशीच होती. चूल पेटवली होती की कुणी तरी वर यायला बघत होतं, आरतीला सांगता आलं नसतं.

सावरवाडीत एक जुनी रीत होती. परमुलखात किंवा पाण्यात गेलेल्या माणसाला घरी आणायचं तर त्या जागचं पाणी तांब्यात घ्यायचं, वर झेंडूची पाकळी ठेवायची आणि आपल्या माणसांनी नाव घेऊन बोलवायचं. पाकळी बुडाली की माणूस आलं. मग तांब्या खाली न टेकवता घरी न्यायचा. सरूबाईनं कुणाला काही विचारलं नाही. दिवाळीच्या माळेतली फुलं ओच्यात घेतली, तांब्या उचलला आणि चिमाजीला होडी काढायला सांगितली. झुंबरबाई म्हसोबापाशी थांबली. बाकी सगळे बसले. शौर्य आजीच्या अंगाला चिकटून बसला आणि त्यानं आरतीकडं एकदाही बघितलं नाही.

होडी आळीनं गेली. ऊन वर आलं होतं आणि धुकं विरलं होतं. दारापाशी होडी थांबली. सरूबाईनं पाणी भरून घेतलं, पाकळी ठेवली आणि तांब्या दोन्ही हातांनी धरला.

"भागू," ती म्हणाली, अगदी रोजच्या आवाजात. "ऊठ पोरी. निघायचंय आपल्याला."

पाकळी तरंगत राहिली.

भिमाजीनं हाक मारली. "सूनबाई, चल. लेकरू आलंय न्यायला." सगळी गंमत त्याच्या आवाजातून निघून गेली होती. पाकळी तरंगत राहिली.

मग हौशीराम. या माणसानं सात वर्षांत तिचं नाव उच्चारलं नव्हतं. तो होडीच्या कडेला वाकला, तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं. "भागे," तो म्हणाला. "भागे, ये की गं." आणि त्यानं खांद्याला तोंड पुसलं. आरतीनं नजर वळवली नाही. हे बघणं तिच्या वाट्याचंच होतं. पाकळी काही हलली नाही.

"रुसली," सरूबाई म्हणाली. "माझ्यावर रुसली. शबूद मोडला मी." तिच्या हातातल्या तांब्यातलं पाणी हिंदकळलं.

तेव्हा शौर्य उठला. होडी कलली; हौशीरामनं त्याची कंबर धरली. पोरानं पाण्यावर ओणवून दोन्ही हात तोंडाशी धरले आणि लांब रानात कुणाला साद घालावी तशी सगळ्या जोरानं हाक मारली.

"आ‌ई!"

"ओ," आरती म्हणाली.

ती म्हणाली नाही. तिच्या तोंडातून आलं. गिळायला वेळच मिळाला नाही. सहा वर्षांत एकदाही निसटला नव्हता तो 'ओ' असा सहज बाहेर पडला, आणि तिच्या स्वतःच्या कानांना तो तिचा वाटला नाही. हेल वेगळा होता. शेवटाला जरा वर ओढलेला, आण्याच्या पठारावरच्या बायका ओढतात तसा.

हौशीरामनं मान झटक्यात वर केली. भिमाजी तोंड उघडं टाकून बघत राहिला. शौर्य वळला, आणि आरतीकडं, तिच्या गळ्याकडं नव्हे, तोंडाकडं बघत राहिला.

सरूबाई तांब्यात बघत होती. पाकळी कडेनं भिजत आली, आडवी झाली आणि सावकाश आत गेली.

"आली," सरूबाई म्हणाली आणि तांब्यावर पदर टाकला.

 परतताना आरती होडीच्या फळीला दोन्ही हातांनी घट्ट धरून बसली होती आणि तिनं डोळे मिटून घेतले होते. पाण्याकडं बघवत नव्हतं. ही भीती तिची नव्हती. महाळुंग्याच्या ओढ्यात ती म्हशींसंगं पोहत मोठी झाली होती.

पुढं घोडेगावच्या सोनारानं नवा टाक केला. तांब्यातलं पाणी त्याच्यावर घालून सरूबाईनं तो देव्हाऱ्यात ठेवला. आरतीच्या गळ्यात बांधायची वेळ आली तेव्हा सरूबाईच म्हणाली, "राहू दे. आता गरज न्हाई." 

त्या दिवसापासून शौर्य रोज सकाळी आरतीसमोर उभा राहतो, मान वर करून तिच्या डोळ्यांत बघतो आणि म्हणतो, "आई, जातो." जे तिला हवं होतं ते सगळं तिला मिळालं. ती ओ देते, डबा देते, पोरगा दिसेनासा होईपर्यंत दारात उभी राहते. फक्त तो कुणाला हाक मारतो हे तिला कळत नाही, आणि ओ कोण देतं हेही.